पाण्याने भिजलेले आणि उष्णतेने आखडलेले कातडी बूट पुन्हा वापरात आणताना

कातडी बुटांचे नुकसान भिजताना जेवढे होते, त्याहून कितीतरी अधिक ते वाळवताना होते, ही गोष्ट मला एकाच जोडीतील दोन बुटांनी शिकवली. जुलैतील एका संध्याकाळी मुंबईच्या हिंदमाता परिसरातील गुडघाभर पाण्यातून वाट काढत घरी पोहोचलो तेव्हा पायांत तपकिरी रंगाचे, साल-हिरड्यासारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचे बूट होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच घालून एका बैठकीला जायचे होते. घाईघाईने डावा बूट हेअर ड्रायरच्या तोंडाशी धरला आणि वीस-पंचवीस मिनिटांत तो वरून कोरडा झालेला पाहून समाधानही मानले. उजव्या बुटाची पाळी येण्याआधीच वीज गेली, त्यामुळे नाइलाजाने त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो पलंगाखाली सरकवून दिला. बैठकीला अर्थातच चपला घालून गेलो. चार दिवसांनी उजवा बूट थोडा निस्तेज, पण मऊ होता. डाव्याचे टोक मात्र सुरकुतून, काळवंडून असे कडक झाले होते की नखाने वाजवले असता टकटक आवाज येत होता.

असे का होते हे समजले, की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. चामडे म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कातडे कमावल्यानंतर त्या तंतूंमध्ये तेल आणि चरबी मुरवलेली असते, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात आणि बूट पावलाबरोबर वाकतो. चामडे चिंब भिजते आणि मग भराभर वाळते, तेव्हा पाण्याबरोबर ही स्निग्धता जागची हलते, काही बाहेर पडते आणि तंतू एकमेकांना चिकटून बसतात. हा पहिल्या प्रकारचा कडकपणा बराचसा दुरुस्त होतो. दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. ओले चामडे एका ठरावीक तापमानापलीकडे गेले, की कोलॅजनची मूळ रचनाच उलगडते आणि त्याचे जिलेटिन होऊ लागते; पायाचा रस्सा मंद आचेवर शिजत ठेवल्यावर तो गार होताच गोठतो, तीच ही क्रिया. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते, तर क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे १०० अंशांच्या आसपासही तग धरते. हेअर ड्रायरच्या तोंडाजवळची हवा ८० अंशांच्या वर सहज जाते, आणि चामडे कोरडे असताना जी उष्णता ते पचवू शकते ती ओले असताना पचवू शकत नाही, हाच या साऱ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे.

आधी बूट ओळखावा

कामाला लागण्यापूर्वी हातात नेमके काय आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व कृती गुळगुळीत पृष्ठभागाच्या खऱ्या चामड्यासाठी आहे. जिभेची किंवा तळपाटीजवळची कापलेली कड पाहावी: खरे चामडे असेल तर तंतुमय, लवदार कड दिसते, रेक्झिन असेल तर कापडावर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला स्पष्ट दिसतो. रेक्झिनचा थर एकदा पापुद्रे धरू लागला की त्यावर कोणतेही क्रीम उपयोगाचे नाही, आणि त्यासाठी वेळ खर्च करू नये. स्वेड म्हणजे मखमलीसारख्या लवेचे चामडे क्रीम आणि मेण यांपासून दूरच ठेवावे. ते सावकाश वाळवून खरखरीत ब्रशने लव उभी करणे एवढाच त्याचा उपचार. चकचकीत पेटंट चामड्यावर लाखेसारखा कृत्रिम थर असतो, त्यातून आत काहीच मुरत नाही.

भिजलेला बूट घरी आल्यावर

सर्वप्रथम नाड्या आणि आतली सुटी पट्टी बाहेर काढावी. बूट साचलेल्या पाण्यातून आला असेल तर हातमोजे घालूनच त्याला हात लावावा, कारण त्या पाण्यात गटाराचा आणि उंदरांच्या मूत्राचा अंश असतो आणि लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा, धोका पावसाळ्यात खरा असतो. चिखल वाळू न देता स्वच्छ, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्यावा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरण्याचा मोह टाळावा: चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते आणि हे पदार्थ बहुधा अल्कधर्मी असतात, शिवाय ते उरलीसुरली स्निग्धताही धुऊन काढतात.

येथे एक सूचना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. बूट अर्धाच भिजला असेल, म्हणजे टोक ओले आणि टाच कोरडी अशी स्थिती असेल, तर कोरडा भागही ओल्या फडक्याने हलकासा दमट करून घ्यावा. ओल्या आणि कोरड्या भागांच्या सीमेवर पाण्यातील क्षार आणि चामड्यातील रंगद्रव्ये जाऊन साचतात आणि वाळल्यावर तेथे नकाशातील नदीसारखी रेघ उमटते. संपूर्ण बूट एकसारखा दमट असेल तर ही सीमाच राहत नाही.

त्यानंतर बुटात कागद भरावा. वर्तमानपत्र उत्तम शोषते, परंतु आतील अस्तर फिकट रंगाचे असेल तर शाईचे डाग पडतात, म्हणून बोळ्याभोवती एखादा कोरा कागद गुंडाळावा. कागद इतका ठासून भरू नये की बुटाचा आकार फुगेल; पाऊल आत असताना जेवढा भरलेला वाटतो तेवढाच भरावा. पहिला कागद अर्ध्या तासात बदलावा, दुसरा दोन तासांनी, आणि पुढे सकाळ-संध्याकाळ. ओला बोळा रात्रभर तसाच राहिला तर तो पाणी शोषण्याऐवजी धरून ठेवतो, आणि बुरशीला याहून आवडती जागा नाही.

वाळवण

बूट सावलीत, हवेशीर जागी, आडवा म्हणजे कुशीवर ठेवावा. तळवा जमिनीला टेकलेला असेल तर सर्वांत जाड भाग सर्वांत शेवटी वाळतो आणि मग शिवण कुजते. छताचा पंखा पुरेसा आहे; टेबलपंखा असेल तर तो थोडा लांब, मंद गतीवर ठेवावा. घरात वातानुकूलन यंत्र असेल तर त्याचा ‘ड्राय’ हा पर्याय पावसाळ्यात फार कामाचा ठरतो, कारण तो हवा न तापवता तिच्यातील बाष्प काढून घेतो. जुन्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या मात्र एका चिंब बुटापुढे अगदीच अपुऱ्या पडतात.

काय टाळावे याची यादी बहुतेक घरांत एकसारखीच असते: गॅसच्या शेगडीची कड, फ्रीजमागची गरम हवा, इस्त्री, पाणी तापवण्याच्या बंबाची भिंत आणि भर दुपारचे ऊन. उन्हाविषयी अनेकांचा गैरसमज असतो. नैसर्गिक म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही; विदर्भातील मे महिन्यात काळ्या बुटाचा पृष्ठभाग उन्हात ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि स्कूटरच्या बंद डिकीतही ओले बूट ठेवू नयेत.

बूट वाळला की नाही हे हाताने कळत नाही, कारण बाहेरचा भाग आतल्यापेक्षा एक-दोन दिवस आधी कोरडा लागतो. मी यासाठी स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरतो, आणि घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी हा उपाय सर्वांत विश्वसनीय वाटतो. माझा उजवा बूट पहिल्या रात्री ६९० ग्रॅम भरला होता, दुसऱ्या दिवशी ६००, तिसऱ्या दिवशी ५४० आणि चौथ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ५२०. वजन दोन वेळा सलग तेवढेच भरले, की बूट त्या हवेत जेवढा कोरडा होऊ शकतो तेवढा झालेला असतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये याला पाच दिवसही लागतात. पुण्यात जानेवारीत दोन दिवस पुरतात.

शक्य असल्यास पहिल्या दिवसानंतर कागद काढून आत लाकडी साचा बसवावा. साचा बिनरोगणाच्या लाकडाचा असावा, कारण तसे लाकूड ओलही शोषते. तो नसेल तर सुती कापडाचा घट्ट गुंडाळा करून टोकापर्यंत भरला तरी वाळताना टोक वर वळण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

पांढरे डाग आणि बुरशी

वाळल्यावर पांढरट रेघा दिसल्या तर त्या क्षाराच्या आहेत की बुरशीच्या, हे आधी ठरवावे. क्षार बोटाला खरखरीत लागतो आणि ओल्या बोटाने तात्पुरता नाहीसा होतो. बुरशी लवदार असते, तिला कुबट वास येतो आणि ती गोल ठिपक्यांत वाढते. क्षारासाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असे मिश्रण करून सुती फडक्याने हलकेच पुसावे, मग साध्या ओल्या फडक्याने व्हिनेगर काढून टाकावे आणि पुन्हा एक दिवस सावलीत ठेवावे. टोरांटो किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा उपाय दर हिवाळ्यात लागेल, कारण तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ बुटात मुरते आणि घरी आल्यावर तेच बूट गरम हवेच्या झरोक्यावर ठेवले जातात. म्हणजे पाणी, मीठ आणि उष्णता हे तिन्ही अपाय एकाच संध्याकाळी होतात.

बुरशी असेल तर ती घराबाहेर, गॅलरीत किंवा गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून कोरड्या कापडाने पुसावी आणि ते कापड टाकून द्यावे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन आतून-बाहेरून पुसावे. अल्कोहोलने काही रंग उतरतात, म्हणून जिभेच्या आतल्या बाजूस आधी लहानशी चाचणी घेणे इष्ट.

आखडलेले चामडे मऊ करणे

आता मुख्य काम. आधी हानी कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. कडक भागावर अंगठ्याने हळू दाब द्यावा. चामडे थोडे दबले, त्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या आणि अंगठा काढताच त्या पुसट झाल्या, तर तंतू केवळ चिकटले आहेत आणि आशा आहे. दाबल्यावर काहीच हलले नाही, पृष्ठभाग काळपट, आकसलेला आणि शिंगासारखा झाला असेल, तर तेथील कोलॅजन शिजले आहे आणि ते कोणत्याही तेलाने परत येत नाही. असा बूट जोर लावून वाकवू नये. तो पापडासारखा मोडतो. एकाच बुटावर दोन्ही प्रकारचे भाग असू शकतात, माझ्या डाव्या बुटावर होतेच.

आखडलेल्या कोरड्या चामड्यावर थेट तेल ओतणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. तेल वरच्या थरात अडकते, तेथे काळा डाग पडतो आणि आतले तंतू कोरडेच राहतात. आधी तंतूंना थोडा ओलावा द्यावा लागतो. यासाठी जुन्या मलमलीचे किंवा धोतराचे कापड पाण्यात बुडवून, थेंब पडणार नाही इतके पिळून, बुटाभोवती गुंडाळावे आणि तो बूट प्लास्टिकच्या पिशवीत सैल बांधून दोन ते तीन तास ठेवावा. पिशवी रात्रभर मात्र ठेवू नये, बुरशी धरते. बाहेर काढल्यावर चामडे भिजलेले नव्हे, तर नुकत्याच मळलेल्या पिठाच्या गोळ्यावर झाकलेल्या फडक्यासारखे दमट लागले पाहिजे.

या दमट अवस्थेत साचा आत बसवून क्रीमचा पहिला हात द्यावा. चामड्याचे बिनरंगी क्रीम किंवा लोशन घ्यावे, ज्यात लॅनोलिन, मधमाशांचे मेण किंवा तत्सम स्निग्ध पदार्थ असतात. एका बुटाला एका वेळी हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढे क्रीम पुरते. ते बोटांनीच लावावे, कारण हाताच्या उबेने ते पसरते आणि कोणता भाग किती पितो आहे हे बोटाला कळते. शिवणी आणि जिभेच्या सांध्यांत ते विसरू नये. मग बूट बारा तास तसाच सोडावा. पाणी हळूहळू उडत जाते आणि त्याच्या जागी स्निग्धता आत सरकते, म्हणूनच या टप्प्यावर पंखा जोरात लावण्याची घाई करू नये.

बारा तासांनी उरलेले क्रीम पुसून, बूट दोन्ही हातांत धरून, बोटांच्या घडीच्या जागी अगदी थोडा, पंधरा-वीस वेळा वाकवावा. प्रत्येक वेळी थोडा अधिक, पण कुरकुर ऐकू येताच थांबावे. पुन्हा क्रीमचा पातळ हात, पुन्हा बारा तास. साधारण तीन ते चार हातांनंतर चामडे क्रीम पिणे थांबवते आणि ते वर चिकट राहू लागते. तेथेच थांबावे, कारण अतिस्निग्ध चामडे लिबलिबीत होते, आकार धरत नाही आणि धूळही ओढून घेते.

घरगुती तेलांविषयी विचारणा हमखास होते. खोबरेल तेल मी सुचवत नाही: ते चामडे गडद करते, थंडीत थिजून शिवणीत पांढरे दिसते, आणि दमट कपाटात त्यावर बुरशी धरलेली मी अनेकदा पाहिली आहे. शेंगदाण्याचे आणि सूर्यफुलाचे तेल कालांतराने खवट होते. एरंडेल त्यातल्या त्यात टिकाऊ आहे, परंतु ते दाट असल्याने पॉलिश केलेल्या बुटापेक्षा कोल्हापुरी चपलेलाच अधिक शोभते. पेट्रोलियम जेली अडचणीच्या वेळी कड मऊ ठेवते, खोलवर मात्र जात नाही.

बूट आकसून घट्ट झाला असेल तर मऊ झाल्यानंतरच तो ताणावा. पाणी आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन आतून शिंपडावे, जाड मोजे घालून घरात वीस मिनिटे चालावे आणि लगेच साचा बसवून ठेवावा. याने अर्ध्या मापापर्यंत फरक पडतो; त्याहून अधिक हवे असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे ताणणारा साचा असतो, त्याच्याकडे जाणेच योग्य.

भेगा आणि रंग

भेग तेलाने बुजत नाही, कारण तेथील तंतू तुटलेले असतात. केसासारखी बारीक भेग असेल तर रंगीत क्रीम पॉलिशच्या दोन हातांत ती दिसेनाशी होते. त्याहून खोल भेगेसाठी ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने कडा हलक्या घासाव्यात, अल्कोहोलने पुसून चामड्यासाठीचा लवचिक फिलर नखाच्या पाठीने भेगेत लिंपावा, पूर्ण वाळल्यावर ८०० क्रमांकाच्या कागदाने सपाट करावा आणि खड्डा उरलाच तर पुन्हा एक पातळ थर द्यावा. एकाच जाड थरात काम उरकले तर पहिल्याच दिवशी तो ढलपा होऊन निघतो. हात बसवण्यासाठी आधी चामड्याच्या तुकड्यावर सराव करावा. धारावीतील चामड्याच्या दुकानांत असे तुकडे मिळतात.

रंगाची छटा बुटापेक्षा किंचित फिकट घ्यावी, कारण गडद करणे नेहमी सोपे असते. क्रीम पॉलिश रंग देते आणि थोडे पोषणही. डबीतील मेणाचे पॉलिश चमक आणि पाण्यापासून थोडे संरक्षण देते, आणि म्हणून ते शेवटी येते. मेण आधी लावले तर त्याखाली क्रीम शिरत नाही. स्पंजच्या टोपणाचे द्रव पॉलिश मी अशा बुटांना मुळीच लावत नाही. ते वर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरते आणि घडीच्या जागी तो तडकतो. शेवटचा हात घोड्याच्या केसांच्या ब्रशने आणि मग जुन्या बनियनच्या तुकड्याने द्यावा.

तळवा, आणि कोल्हापुरीविषयी थोडे

वरचा भाग सुधारला तरी तळव्याकडे दुर्लक्ष नको. उष्णतेने तळवा चिकटवणारे सोल्यूशन सैल होते, त्यामुळे टोकाशी तळवा सुटला आहे का हे नाणे सरकवून पाहावे. सुटला असेल तर घरच्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो चिकटवू नये; तो कडक होऊन तडकतो आणि नंतर कारागिराला खरवडून काढावा लागतो. कोपऱ्यावर बसणाऱ्या कारागिराकडून जुना थर रापीने, म्हणजे चामडे कापण्याच्या हत्याराने, खरवडून, नवे सोल्यूशन लावून, वर कडेने शिवण मारून घ्यावी. पॉलियुरेथेनचा तळवा हाताने दाबताच भुरभुरत असेल तर दमट हवेने तो आतून विघटित झाला आहे आणि संपूर्ण बदलणे हाच मार्ग उरतो.

कोल्हापुरी चप्पल भिजली तर पद्धत थोडी वेगळी आहे, कारण तिचा तळही चामड्याच्या थरांचा असतो आणि ते चामडे बाभळीची साल, हिरडा अशा द्रव्यांनी कमावलेले असते, म्हणजेच उष्णतेला अधिक नाजूक. ती पुसून, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवून वर पाटा किंवा जाड पुस्तकांचे वजन द्यावे, अन्यथा तळ वाटीसारखा वळतो. कागद रोज बदलावेत आणि पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन पट्ट्यांना चोळावेत. आतून घातलेली वादी सुटली असेल तर ती कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये किंवा तशाच जाणकार हातांकडूनच ओवून घ्यावी.

दुरुस्त झालेला बूट पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घालावा आणि घडीच्या रेषा पाहाव्यात. तेथे रंग फुटला तर क्रीमचा आणखी एक पातळ हात द्यावा. त्यानंतर एक दिवस घातला की एक दिवस साच्यावर विश्रांती द्यावी. माझी ती जोडी आजही वापरात आहे. उजव्या बुटाला दोन हात क्रीम पुरले, डाव्याला आठवडा लागला, आणि त्याच्या टोकावरचा दोन बोटांएवढा पट्टा शेवटपर्यंत मऊ झालाच नाही. तपकिरी पॉलिशखाली तो दिसत नाही, परंतु ब्रश फिरवताना तेथे आवाज बदलतो.